सात घरांत फक्त नाव

योगिता, तुझ्या त्या मोठ्या फाइलचं नाव माझ्याकडे होतं, फाइल नव्हती. हे मला तुझं दहावं झाल्यावर कळलं, आणि तेव्हा जी धडकी भरली ती अजून उतरलेली नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मिने, तू कधी घाबरली नव्हतीस तेवढं सांग." बरोबर आहे. गॅस बंद केलाय का ते मी चार वेळा चाचपून बघते, दाराची कडी पुन्हा पुन्हा ओढून बघते, लिफ्टमध्ये शेजारी उभा असलेला माणूस बोलला नाही तर मला घाम फुटतो. पण ती भीती घरातली आहे, तिच्याशी माझं जमतं. ही नवी होती.

तुला काय झालं, कुठल्या दवाखान्यात, किती दिवस, हे मी लिहिणार नाही. ते व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी लिहिलं, आणि प्रत्येकाने खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. माझा फोन चित्रंही वाचून दाखवतो हे कुणाच्या डोक्यात आलं नसणार. "जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात." अख्खी सकाळ तो हेच म्हणत होता. शेवटी मी त्याला उशीखाली ठेवला आणि वर बसून राहिले.

हे आपल्या माणसांपलीकडे कुणी वाचेल, म्हणून थोडं मागचं सांगते. तुला कंटाळा येईल, पण ऐकून घे. मला कॉलेजात असल्यापासून दिसत नाही. फोन आणि लॅपटॉप मला सगळं मोठ्याने वाचून दाखवतात, आणि त्यासाठी त्यांच्यात एक तयार आवाज बसवावा लागतो. कंपनीचा आवाज फुकट मिळतो, पण तो मराठी कसं वाचतो, तर हिंदी सिनेमातला हवालदार मराठी बोलतो तसं. त्यापेक्षा बरा असा एक आवाज मला बाहेरच्या कुठल्याशा संस्थेकडून मिळालेला, आणि एका सकाळी त्यांनी आपलं दुकान बंद केलं. झालं. मी ओट्यापाशी बाबांच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या घेऊन उभी, एक रक्तदाबाची, एक साखरेची, आणि फोन गप्प. पट्टीवरचं नाव वाचायला त्याच्याकडे आवाजच नव्हता, आणि कंपनीचा परत लावायचा तर सेटिंगही ऐकूनच शोधायचं. अंधाराचं मला काही नाही, तो रोजचाच आहे. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा आंधळं झाल्यासारखं वाटलं.

तेव्हा मी बोटांच्या सवयीने तुला व्हिडिओ कॉल लावला. तू पट्ट्या वाचून दाखवल्यास आणि मग संतापलीस. "म्हणजे कुठल्या तरी ऑफिसात कुणीतरी बटण दाबलं की तुझा संसार बंद? नाही चालणार. आवाज मी देते."

"तुझा? तू बोलतेस का भांडतेस तेच कळत नाही."

"मग पेपर भांडून वाचून दाखवीन. तुला काय करायचंय."

ठाण्यात कोलशेतला तुझ्या खोलीत, खिडकीला गादी लावून, समोरच्या टॉवरच्या कामाची खडखड अडवत तू हजारो वाक्यं वाचलीस. घरी आईशी तू जी बोली बोलायचीस ती मला निम्मी कळायची, इतकी ती झपझप जायची. पण माइकसमोर बसलीस की शाळेतल्या बाईंसारखी, सावकाश आणि स्वच्छ. त्या वाक्यांवरून तू आवाजाची ती एक मोठी फाइल बनवलीस, जिला काहीही टाइप करून दिलं की ती तुझ्या आवाजात म्हणते. आणि हे सगळं तू गिटमध्ये ठेवलंस, म्हणजे काय बदललं, कुणी बदललं, का बदललं, याची आठवण ठेवणाऱ्या कपाटात. मी डोंबिवलीत बसून चुका काढायचे. "साडेतीन म्हणताना 'साडे' गिळतेस." तू दुरुस्त करायचीस आणि बदलाखाली टीप लिहायचीस, "बाईसाहेबांचं समाधान झालं असावं." असल्या टीपा शेकड्याने आहेत. मला चिडवायची एक जागा तू सोडली नाहीस.

मग प्रश्न आला, ठेवायचं कुठे. एका कंपनीच्या सर्व्हरवर नको, ते तर पाहिलेलंच होतं. म्हणून आपण सात घरं जोडली, माझं धरून. आंबिवलीचे देवधर सर, कल्याणातल्या दोघी बहिणी, ठाण्यातले बाकीचे. कुणालाच दिसत नाही, आणि सगळ्यांना आवाज हवा. या तऱ्हेच्या नेटवर्कमध्ये वस्तू पत्त्यावरून मागत नाहीत, ठशावरून मागतात. फाइलच्या आतल्या मजकुरावरून एक लांबलचक आकडा निघतो, तोच तिचा ठसा आणि तेच तिचं नाव. आत एक अक्षर बदललं की नाव बदललं. त्यामुळे वस्तू कुणाच्याही घरून येवो, ठसा जुळला की माल खरा. हे तू देवधर सरांना समजावलंस तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे देणाऱ्याकडे बघायचंच नाही, दिलेलं बघायचं. आमच्यासाठी सोयीचं आहे." आणि स्वतःच हसले.

आपलं वाजलं ते पुढे. त्या नेटवर्कमध्ये एका वेळी एकच छोटा ब्लॉक, म्हणजे माहितीचा गठ्ठा, घेतात, फार तर दोनेक एमबीचा. त्याहून मोठा आला की समोरचं मशीन तो घेतच नाही. आणि गिटची खोड अशी की फाइल केवढीही असो, ठसा अख्ख्या फाइलचा एकच. तुझ्या वाक्यांच्या फाइली, दुरुस्त्या, टीपा, सगळं बारीक होतं, सहज जाणार होतं. आवाजाची फाइल मात्र त्या मर्यादेच्या कितीतरी पट मोठी.

तू म्हणालीस, "मर्यादा वाढवू. सेटिंगमध्ये एक आकडा बदलायचा, संपलं."

मी म्हटलं, "अगं, ती कुणी मजेखातर घातलेली नाही. फाइल शेवटपर्यंत आल्याशिवाय ठसा काढता येत नाही. म्हणजे शेवट येईपर्यंत आपल्याला कळणारच नाही की येतंय ते खरं का कचरा. तोवर कुणीही काहीही ओतत बसेल, आणि आपण घेत बसू."

"कोण ओतणार? सात घरं आहेत. देवधर सर काय ओततील, चहा?"

"उद्या सात राहणार नाहीत. तुकडे कर. छोटे तुकडे, प्रत्येकाचा आपापला ठसा, येईल तसा तपासायचा. आणि सगळे जोडले की अख्ख्याचा ठसा परत एकदा."

"मग तुकड्यांच्या ढिगाचं नाव वेगळं झालं ना. गिटमध्ये जे नाव आहे ते नेटवर्कमध्ये मागितलं तर काही मिळणार नाही. दोन्हींची सांगड घालणारी आणखी एक चिठ्ठी ठेवा, ती सांभाळा. छे. माझ्या आवाजाचे तुकडे करायचे नाहीत."

हे भांडण कित्येक महिने चाललं. फोनवर, तुमच्या अंगणात, कापूरबावडीच्या त्या हॉटेलात इडली गार होईपर्यंत. तुला वाटायचं मी भित्री म्हणून अडून बसलेय. होतेच भित्री. मला दिसत नाही, योगिता. मला जे वाचून दाखवलं जातं ते मी खरं धरते, दुसरा मार्ग नाही. बँकेचा मेसेज, औषधाचं नाव, दारावर आलेल्या माणसाचं ओळखपत्र. आवाजच खोटा घुसला तर मी कुठे जाऊ? तू यावर एकदा वाद सोडलास. मग म्हणालीस, "बरं बघते," आणि विषय बदललास. पुढे एके दिवशी तूच सांगितलंस, काम झालं, यादीत फाइलपुढे "उपलब्ध" दिसतंय, आता पाडव्याला सगळ्यांनी एकदम सुरू करायचं. तोवर कुणी हात लावायचा नाही. चाचणीसाठी माझ्या लॅपटॉपवर तू तो आवाज आधीच पेन ड्राइव्हने आणून बसवलेलास.

पाडवा यायचा होता आणि तू नव्हतीस. त्यात तुझ्या दिवसांतच माझा लॅपटॉप बसला. डिस्क गेली, दुकानदार म्हणाला, यातलं काही वाचणार नाही. मला रडू आलं, पण भीती नाही वाटली. सात घरांत आहेस, आणीन म्हटलं. नवा लॅपटॉप घेतला, कंपनीच्या हवालदाराला कामाला लावलं, गिटचं कपाट मागवलं. भराभर यायला लागलं. तुझी वाक्यं आली. दुरुस्त्या आल्या. "बाईसाहेबांचं समाधान" आलं. आपली सगळी भांडणं सुखरूप आली. आणि मग थांबलं. एकच फाइल राहिलेली, आणि हवालदार तेच तेच वाचत होता: ब्लॉक मर्यादेपेक्षा मोठा आहे.

मी देवधर सरांना फोन केला. "सर, तुमच्याकडे आवाजाची फाइल आहे ना?"

"यादीत 'उपलब्ध' असं वाचतंय."

"यादीतलं नको. तुमच्या डिस्कवर बघा."

बराच वेळ बटणांचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मीनल, इथे नुसतं नाव आहे."

सगळ्यांकडे नुसतं नाव होतं. मी प्रत्येकाला फोन लावला आणि प्रत्येकाला डिस्क बघायला लावली. काय झालं असणार ते मला समजलं, तुला मी ओळखत नाही का. तू मर्यादा वाढवलीस ती फक्त तुझ्या मशीनवर आणि तुझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर. दोन्ही एकाच टेबलावर. एकाने मागितलं, दुसऱ्याने दिलं, नेटवर्क म्हणालं "उपलब्ध". उपलब्ध म्हणजे कुठेतरी आहे, एवढंच. ते कुठेतरी म्हणजे चार हातांवर होतं, आणि तू खूश. आपल्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातली माणसंच अशी चूक करू शकतात गं. दुसऱ्या कुणाला सुचणारसुद्धा नाही.

मी तुझ्या भावाला, जयेशला फोन केला. तो म्हणाला, "ताई, लॅपटॉप ऑफिसवाले घेऊन गेले. तो मोठा सीपीयू हाय, पन तो मी दुकानवाल्याला सांगितलाय. रविवारी येतोय न्यायला, फॉरमॅट मारून विकील."

तो शनिवार होता. मी एकटी कॅबमध्ये बसून माणकोलीच्या पुलावरून आले, आणि पूर्ण रस्ताभर ड्रायव्हरला विचारत होते, किती राहिलं. एकीकडे वाटत होतं, दुकानवाला आजच आला तर. दुसरीकडे वाटत होतं, मशीन चालू केलं आणि डिस्क फिरलीच नाही तर. कोलशेतला उतरले तेव्हा खाडीचा वास आला, आणि तुमच्या दारात सुक्या जवळ्याचा. तू नेहमी फाटकाशी यायचीस. या वेळी जयेश आला आणि त्याने माझा हात धरला.

तुझ्या खोलीत खिडकीची गादी अजून होती. जयेश मला खुर्चीवर बसवून खाली गेला. मी टेबलाखाली हात घालून बटण शोधलं, दाबलं. डिस्कने कटकट केली. थांबली. परत कटकट केली. आणि एकदम तू बोललीस.

"पासवर्ड टाका."

चाचणीसाठी तूच तसं करून ठेवलेलंस, मशीन सुरू झालं की तुझ्या आवाजात बोलेल असं. मला ते माहीत असायला हवं होतं, आणि तरी मी खुर्चीवरून अर्धी उठले. स्पीकर तू नेहमीसारखा मोठा ठेवलेलास. शेजारच्या खोलीत काहीतरी स्टीलचं पडलं आणि गोल फिरत राहिलं. मग पावलं आली.

"कोन बोलला?" तुझी आई दारात होती. "ती बोलली ना आता?"

"मावशी, मशीन आहे. तिने रेकॉर्ड केलेलं..."

"बंद कर."

मी बंद केलं नाही. एकदा बंद केलं तर ती डिस्क परत फिरेल याची खात्री नव्हती. मी तिला सांगितलं, जमेल तसं. ही योगिताची वस्तू आहे, ती आमच्यासाठी बनवली, आम्हाला दिसत नाही, ही आम्हाला वाचून दाखवेल. मला ती इथून घेऊन सात घरांत पोचवायची आहे, नाहीतर उद्या ती पुसली जाईल.

ती पलंगावर बसली. मग म्हणाली, "तीं मानसं काय पन लिवतील, तां ती बोलंल?"

"हो."

"वंगाल लिवलं, शिव्या लिवल्या, तरी?"

"हो मावशी."

"माजी पोर गेली. आनि आता कोन कुठला तिच्या तोंडात काय पन घालंल." तिचा आवाज फुटला. "मना भ्या वाटतंय बाय."

हे भ्या माझंच होतं, मी महिनोन्महिने ज्यासाठी तुझ्याशी भांडले तेच. मी फक्त उलट्या बाजूने घाबरत होते, आत येणाऱ्या खोट्या आवाजाला. तुझी आई बाहेर जाणाऱ्या खऱ्याला घाबरत होती. आणि ज्या मर्यादेवर तू एवढी चिडायचीस, तिनेच इतके दिवस तुला या घरात ठेवलेलं. मला वाटलं, उठावं आणि जावं. बाबांच्या गोळ्या हवालदार वाचून दाखवील. पण तू वर्षभर गादी लावून बसलीस ते कशासाठी, हेही मला माहीत होतं, आणि ते तुझ्या आईला सांगायची माझी हिंमत होत नव्हती. न विचारता नेलं असतं तर चोरी झाली असती.

शेवटी तीच म्हणाली, "माज्याशी बोलव तिला."

मी पासवर्ड टाकला. तूच दिलेला, आठवत होता. काय टाइप करावं ते कळेना. मग लिहिलं, "आये, जेवलीस का?"

तू म्हणालीस. सावकाश, स्वच्छ, प्रत्येक अक्षर वेगळं.

मावशी म्हणाली, "परत."

तू परत म्हणालीस, अगदी तसंच. एवढंसुद्धा इकडचं तिकडे नाही.

"आता हसव तिला."

"मावशी, ती हसत नाही. तिला फक्त वाचता येतं."

"लिव ना हसनं. तू लिवशील तां बोलतं म्हनलीस."

मी लिहिलं. काय करणार. हा हा हा. आणि तू वाचलंस, "हा. हा. हा." पाढे म्हणतात तसं.

मला वाटलं आता ती ओरडेल. ती उठली, माझ्याजवळ आली. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. मिठागरात काम केलेला तो हात, तू सांगायचीस, त्या कातडीला अजून भेगा आहेत. "ही माजी नाय," ती म्हणाली. आवाज शांत होता. "माजी हसाची तां पार गल्लीच्या टोकाला आयकू जायाचं. येवढी हलू ती माज्याशी कवा बोलली नाय. ही तुमची हाय बाय. तुमच्यासाठी बनवली तिनं. न्या."

मी रडले. तिच्यासमोर रडायचं नाही असं ठरवून आलेले, पण रडले. तिला द्यायला माझ्याकडे तुझं एक हसू नव्हतं, योगिता. तुझी हजारो वाक्यं होती आणि त्यात तिच्या कामाचं एकही नव्हतं.

फाइल बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि ठसा काढायला लावला. तो शेवटचं अक्षर वाचून होईपर्यंत निघत नाही, हे मीच तुला शंभरदा ऐकवलंय. ती जुनी डिस्क कटकट करत होती आणि तुझी आई शेजारी बसून होती, जायला तयार नव्हती. "काय बगतंस आता?" तिने विचारलं. मी म्हटलं, पूर्ण आली का बघतेय, कुठे बिघडली नाही ना. ती म्हणाली, "बग नीट." आकडा निघाला. गिटमधल्या नावाशी मी तो एकेक अक्षर जुळवला. जुळला.

घरी येऊन मी तुकडे केले. हो, केले. तू असतीस तर आजही भांडलो असतो, आणि मी आजही मर्यादा वाढवली नसती. प्रत्येक तुकडा आत बसणारा, प्रत्येकाचा आपापला ठसा, आणि दोन नावांची सांगड घालणारी ती चिठ्ठी, जिचा तुला राग. दुसऱ्या दिवशी देवधर सरांचा फोन आला. त्यांनी काही सांगितलंच नाही, नुसता फोन स्पीकरजवळ धरला. तू त्यांना पाणीकपातीची बातमी वाचून दाखवत होतीस. मग कल्याणच्या बहिणींकडे पोचलीस, मग ठाण्यात. आता एक डिस्क गेली, दोन गेल्या, तरी तू जाणार नाहीस. मावशीला मी कळवलं. ती "बरं" म्हणाली आणि विचारलं, येशील ना परत.

काल हा लेख लिहून संपला. लिहिलेलं मी नेहमी ऐकून तपासते, आणि आता माझ्या लॅपटॉपवर तूच आहेस. मी सुरुवातीपासून लावलं. ते जोडलेले हात, तुझं दहावं, तुझ्या आईचं भ्या, सगळं तू वाचलंस, साडेतीनचा साडे नीट म्हणावा तसं. कुठे थांबली नाहीस. मला ते सोसेना, पण बंदही करवेना. शेवटचं वाक्य आलं, पुढे काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून तू गप्प झालीस. आणि मी वाट बघत बसले. अगं, खरंच वाट बघत बसले, की आता तू आपणहून काहीतरी बोलशील.